एका इंग्रजी नामाची मराठी वाटणी : इंदापूर-बारामतीतील ‘लँड’

इंग्रजीतील ‘लँड’ हे नाम इतके रोजच्या वापरातले आहे की त्याचा अर्थ कोशात पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. समुद्र संपल्यावर जी लागते ती लँड, जिच्यात पीक येते ती लँड, जिची खरेदी-विक्री होते ती लँड आणि ज्याच्यासाठी सैनिक लढतो तो देशही लँडच. ‘सॉइल’, ‘ग्राउंड’, ‘अर्थ’, ‘फील्ड’ ही शेजारची नामे इंग्रजीत आहेत, पण ती गरजेपुरती पुढे येतात आणि काम झाले की पुन्हा ‘लँड’च्या पदराआड जातात. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कोशांमुळे एका इंग्रजी नामापुढे मराठी प्रतिशब्दांची रांग लावण्याची रीत रूढ झाली आणि तिच्याबरोबर असा समजही पसरला की रांगेतले शब्द एकमेकांच्या जागी चालतात. जमीन, भूमी, माती, शेत, रान, वावर, शिवार, मळा हे सगळे समानार्थी शब्द आहेत, असे शाळेतल्या व्याकरणाच्या वहीत आजही लिहिले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे असे की हे शब्द समानार्थी नाहीत, त्यांची कामे वाटून दिलेली आहेत, आणि ही वाटणी कशी झाली व कोणी मोडली हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल.

शब्दांची ही वाटणी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण क्रियापदात असते. या भागातला शेतकरी जमीन घेतो आणि विकतो, पण नांगरतो ते रान. पिकते ते शेत. तपासायला प्रयोगशाळेत पाठवतात ती माती. कुदळ मारण्यापूर्वी पुजतात ती भूमी. आणि सरकार ताब्यात घेते तेव्हा त्याला भूसंपादन म्हणतात. ‘रान विकले’ असे कोणी म्हणत नाही, ‘भूमी नांगरली’ असे म्हणणारा माणूस भाषण करीत असला पाहिजे. ‘रान’ हा शब्द ‘अरण्या’पासून आलेला असूनही इंदापुरात सकाळी ‘रानात गेलेला’ माणूस झाडीत गेलेला नसतो, तो आपल्या उसात किंवा ज्वारीत असतो. उलट खरे मोकळे, न पिकणारे रान सांगायचे तर ‘माळरान’ अशी जोड द्यावी लागते. ‘माती’चा तर आणखी एक अर्थ आहे, आणि कोशांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही. ‘उद्या दहाला माती आहे’ या वाक्याचा अर्थ अंत्यविधी असा होतो आणि ‘मातीला जाणे’ ही गावकीतली मोठी जबाबदारी मानली जाते. तिथे ‘जमीन’ किंवा ‘भूमी’ हा शब्द घालून पाहिला तर वाक्य उभेच राहत नाही.

शब्द खऱ्या अर्थाने एकमेकांच्या जागी चालतात ते एकाच ठिकाणी, छंदात. बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेले आणि १७९४ मध्ये निवर्तलेले मोरोपंत हे आर्येचे कवी. आर्या हे मात्रावृत्त असल्यामुळे, म्हणजे त्यात अक्षरांऐवजी उच्चाराच्या लघु-गुरू वजनाची मोजणी असल्यामुळे, ‘भू’च्या दोन, ‘मही’च्या तीन, ‘धरणी’च्या चार, ‘मेदिनी’च्या पाच आणि ‘वसुंधरे’च्या सहा मात्रा हा अशा कवीच्या दृष्टीने अर्थाइतकाच महत्त्वाचा भेद असतो. मात्र ज्या संस्कृत कोशपरंपरेतून हे भांडार आले तिने पृथ्वीच्या नावांची यादी देऊन काम संपवलेले नाही. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील भूमिवर्गात पृथ्वीच्या पर्यायनामांनंतर लगेच चांगल्या मातीसाठी, सर्व पिके देणाऱ्या ‘उर्वरा’ भूमीसाठी, खारट मातीच्या ‘ऊषा’साठी आणि न नांगरलेल्या ‘खिला’साठी वेगळे शब्द येतात. पंडितांनी पहिली यादी पाठ केली आणि दुसरी शेतकऱ्यांवर सोडली, असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही.

शेतकऱ्यांची यादी पंडितांच्या यादीपेक्षा मोठी होती, कारण तिच्यात मातीबरोबर माणसाचा हक्कही मोजलेला असे. पेशवाईतल्या गावाचे दोन भाग मानले जात : ‘काळी’ म्हणजे पिकाऊ जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे घरे वसलेली जागा. रंग इथे मातीचाच आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडून, राख-शेण मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते. पण ‘काळी-पांढरी’ या जोडशब्दाचा अर्थ गावाचा संपूर्ण व्यवहार असा होत असे. काळीचे पुढे ‘थळ’ पडत. थळ म्हणजे एखाद्या घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा वंशपरंपरागत जमिनीचा भाग, आणि त्याचा धारक तो थळकरी किंवा मिरासदार. घराणे संपले तरी नाव जात नसे. तो भाग ‘गतकूळ’ म्हणून त्याच नावाने नोंदला जाई आणि बाहेरून येऊन कसणारा ‘उपरी’ त्यावर राबला तरी त्याचा धनी होत नसे. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकसारखी माती असूनही एकीकडे मिरास, दुसरीकडे गतकूळ आणि पलीकडे इनाम असे तीन शब्द नांदत, आणि तिन्हींचा सारा, प्रतिष्ठा व भवितव्य वेगवेगळे असे.

या शब्दरचनेवर इंग्रजी ‘लँड’ येऊन पडली ती पेशवाई संपल्यावर दहा वर्षांच्या आत. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा सनदी अधिकारी हेलिबरीच्या ज्या महाविद्यालयात शिकला तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत होता, आणि त्या शास्त्रात लँड हे एक अमूर्त नाम होते : भांडवल आणि श्रम यांच्या शेजारी बसणारा उत्पादनाचा तिसरा घटक, ज्याच्यातून खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढता येते. प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनच्या जिल्ह्यांत मोजणी हाती घेतली आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न ठरवून त्याचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा, असे गणित मांडले. कागदावर हे गणित देखणे होते. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, हाताखालच्या नोकरवर्गाने लबाड्या केल्या, भाव पडलेले असताना आकारणी जड झाली आणि इंदापूर परगण्यातली शेते पड पडून लोक शेजारच्या मुलखात निघून गेले. ‘पड पडणे’ आणि ‘पडीक असणे’ यांत इथे फरक करावा लागतो. पडीक ही मातीची अवस्था आहे. पड मात्र माणूस निघून गेल्यामुळे पडते. इंग्रजी कागदांत दोन्हींना ‘वेस्ट’ हा एकच शब्द मिळाला, म्हणून आकडे वाचणाऱ्याला माती निकामी की माणूस हैराण हे कळण्याची सोय राहिली नाही.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांना इंदापुरात दुरुस्तीसाठी पाठवण्यात आले आणि १८३६ मध्ये तीस वर्षांच्या मुदतीची जी आकारणी तिथे लागू झाली तीच पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी भूमापनाचे मूळ ठरली. तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली. रयतवारी म्हणजे सरकारने मध्यस्थ न ठेवता थेट कसणाऱ्या खातेदाराशी सारा ठरवण्याची पद्धत. या जोडीचे शहाणपण असे की त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडला आणि शेतकऱ्याचेच तीन शब्द हाती घेतले : काळी, तांबडी आणि बरड. या तिघींचे प्रत्येकी तीन पोटभाग करून नऊ प्रती पाडण्यात आल्या, आणि यालाच प्रतबंदी म्हणतात.

प्रतबंदीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. कारकून शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे सारखे चौकोनी भाग पाडी, प्रत्येक भागात पहारीने खड्डा घेऊन खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंतची खोली हाताने, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाने, मोजी. पावणेदोन हात खोल, एकसारख्या बारीक कणांची काळी जमीन सोळा आण्यांची. तिथून खोली पाव पाव हाताने कमी होत गेली, कण जाडसर होत गेले आणि रंग तांबूस, मग करडा होत गेला की प्रत उतरत उतरत शेवटी दोन आण्यांवर येई. त्याशिवाय दोषांच्या खुणा असत. चुनखडीचे खडे मिसळलेले, वाळू मिसळलेली, उताराची, पाणी न मुरणारी, पुराच्या लोंढ्याने धुपणारी, पाणी साचणारी अशा प्रत्येक दोषासाठी चौकोनात एक ठरलेले चिन्ह आणि प्रत्येक चिन्हाला एक प्रत कमी. गावकऱ्यांनी ज्यांना मुरमाड, चुनखड, चिबड, घसारटी म्हणावे ते सगळे अशा तऱ्हेने ठिपके आणि रेघा होऊन बसले. शेतकऱ्याचे शब्द सरकारी दप्तरात शिरले खरे, पण विशेषणे म्हणून नव्हे तर आणे म्हणून. शब्दाला अपवाद, शंका आणि हंगाम असतो, आण्याला नसतो.

त्याच मोजणीने शेताला सर्व्हे नंबर दिला, चाहूर-बिघ्याच्या जागी एकर आणि गुंठा आणला, आणि थळाचे नाव मागे पडून नंबर पुढे आला. नंबर विकता येतो, गहाण टाकता येतो. तीस वर्षे संपून १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली तीही इंदापुरातूनच, आणि त्याच सुमारास कापसाचे चढे भाव कोसळल्यामुळे वाढीव सारा अधिकच बोचला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, जे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आज बारामती तालुक्यात आहे, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली ती मुख्यतः गहाणखते आणि कर्जरोखे हिसकावून जाळण्यासाठी. ‘जमीन’ या शब्दाला विकत घेणे, गहाण टाकणे, जप्त होणे ही क्रियापदे इतकी घट्ट चिकटली याचे कारण या चाळीस वर्षांत आहे. रान मात्र अजूनही गहाण पडत नाही, जमीनच पडते.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि शब्दांची दुसरी मोठी वाटणी झाली. या प्रदेशात पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. म्हणून जमिनीचा जुना भेद खोलीवर होता, कारण खोल काळी परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीची ज्वारी काढून देई. कालव्याने खोलीच्या भेदावर पाण्याचा भेद चढवला. पावसावरची ती जिरायत, पाण्याखालची ती बागायत. बागायतीतही मोटेने भिजणारी मोटस्थळ आणि वाहत्या पाण्याने भिजणारी पाटस्थळ असे दप्तरातले पोटभेद. पूर्वी ही विशेषणे एकेका शेताची होती, आता ती सबंध मुलखाची झाली : सुपे-मोरगावकडचा ‘जिरायत पट्टा’ आणि माळेगाव-सणसरकडचा ‘बागायत पट्टा’ असे बारामती-इंदापूरचे लोक बोलतात तेव्हा ते मातीविषयी कमी आणि सोयरीक, शाळा, मतदान यांविषयी अधिक बोलत असतात. कालव्याने ‘टेल’ हा इंग्रजी शब्दही अस्सल मराठी करून टाकला. टेलची जमीन म्हणजे चारीच्या शेपटाकडची, जिथे पाण्याची पाळी येईपर्यंत वरच्यांची दारे बंद होत नाहीत. सोळा आण्यांची काळी टेलला असेल तर तिचा भाव हेडच्या मुरमाडापेक्षा खाली जातो, आणि हे कोणत्याही प्रतबंदीत लिहिलेले नाही.

‘मळा’ हा शब्दही याच सुमारास फुगला. मुळात विहिरीवर भिजणारे, भाजीपाल्याचे, राखण लागणारे छोटे क्षेत्र म्हणजे मळा. सासवडचे माळी शेतकरी कालव्याकाठी येऊन जमिनी खंडाने घेऊन ऊस-गूळ पिकवू लागले तेव्हा मळ्याचा आकार वाढला, आणि विसाव्या शतकात वालचंदनगरच्या साखर कारखान्याची हजारो एकरांची शेतीही मळाच म्हणवली गेली. त्या व्यवहाराने आणखी एक शब्द उलटा केला. खंडकरी म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा, हा साधा अर्थ. पण खासगी कारखान्यांना ज्यांनी आपली जमीन खंडाने दिली, ती १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर राज्य शेती महामंडळाकडे गेल्यावर ज्यांनी ती परत मिळवण्यासाठी दीर्घ लढा दिला, ते मूळ मालकच ‘खंडकरी शेतकरी’ या नावाने ओळखले गेले. धन्याला कुळाचे नाव मिळण्याचे असे उदाहरण मराठीत दुसरे शोधावे लागेल.

पाण्याचा हिशेब मातीने लवकरच मागितला. काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे असते. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यातून पाणी सहजी निचरत नाही. उसाला वर्षभर पाणी देत राहिल्याने भूजल वर आले, त्याच्याबरोबर विरघळलेले क्षार वर आले आणि पृष्ठभागावर पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसू लागले. हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर कृषी खात्याचे एक पत्रकच प्रसिद्ध केले, म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच. आता यासाठीचे शब्द पाहावेत. ‘चिबड’ म्हणजे पाणी धरून बसलेली, पाय रुतणारी. ‘खारवट’ म्हणजे मिठाचा थर दिसणारी, जी चर खोदून निचरा केला आणि पाण्याने धुतली तर सुधारते. आणि ‘चोपण’ म्हणजे सोडियममुळे जिची घडणच मोडली आहे, जी ओली असता चिकटते आणि सुकली की दगडासारखी होते, जिला नुसते पाणी पुरत नाही, जिप्सम द्यावे लागते. सरकारी भाषा या तिघींना मिळून ‘क्षारपड’ म्हणते. उपाय तीन वेगवेगळे असताना नाव एक ठेवणे ही सोय कोणाची, हे विचारण्यासारखे आहे.

जमीन कशी आहे याचे शब्द इतके. पण आज ती कशी आहे याचेही आहेत, आणि इंग्रजी ‘लँड’ला तिथपर्यंत पोचताच येत नाही. ‘वाफसा’ म्हणजे पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसून ती कामाला योग्य होण्याची अवस्था. मूठभर माती घेऊन दाबली तर गोळा व्हावा, पण तो कंबरेएवढ्या उंचीवरून सोडला तर फुटावा. चिखल होऊन चिकटला तर वाफसा आलेला नाही, गोळाच झाला नाही तर निघून गेला. या अवस्थेत काम करण्याचा जो अवधी मिळतो ती ‘घात’. भारी काळीत घात उशिरा येते आणि थोडे दिवस टिकते, बरडात लवकर येते आणि लवकर जाते. म्हणून ‘भारी’ आणि ‘हलकी’ ही विशेषणे केवळ सुपीकतेची नाहीत, ती वेळापत्रकाची आहेत.

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेकाठची इंदापूर तालुक्यातली उत्तम काळी पाण्याखाली गेली. तिला ‘बुडीत क्षेत्र’ हे नाव मिळाले, ज्यांना पाणी मिळाले त्यांचे ‘लाभक्षेत्र’ झाले. ‘क्षेत्र’ हा शेताचाच मूळ शब्द, पण इथे तो शेतापासून पूर्णपणे सुटलेला आहे. उन्हाळ्यात जलाशय ओसरू लागला, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले की काठाची गाळाची जमीनही उघडी पडते आणि तिच्यावर पुढचे पाणी येईपर्यंत पीक घेतात, त्याला ‘गाळपेर’ म्हणतात. गाळपेर हे पेरण्याचे नाव आहे तसेच जमिनीचेही. जी जमीन काही महिनेच अस्तित्वात असते तिला दुसरे कोणते नाव देता आले असते?

दोन आण्यांच्या बरडाचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. इंदापूरच्या डाळिंबाने विंगेटची उतरंड जवळपास उलटी केली, कारण डाळिंबाच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही आणि बहार धरण्यापूर्वी झाडाला पाणी तोडून जो ताण द्यावा लागतो तो हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत नीट देता येतो; ठिबकने पाणी आणि खत दोन्ही थेंबाथेंबाने मिळू लागल्यावर खोलीची किंमत उतरली. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही खडकाळ, मुरमाड माळावरच उभी आहे, आणि तिच्या नावातला ‘ताण’ हा बागाईतदारांच्या बोलीत आधीपासून मुरलेला शब्द आहे. ‘बरड’ हा शब्द मात्र अजून शिवीसारखा वापरला जातो. भाव बदलला तरी बोली मागे राहिली.

बारामती शहराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या आसपास या सगळ्या शब्दांना बाजूला सारून ‘जागा’ हा शब्द पुढे आलेला आहे. पिकत होते तोवर जे रान होते, व्यवहाराची बोलणी लागली की ते जमीन होते, आणि बिगरशेती परवाना हाती आला की जागा. भाव एकराचा राहत नाही, गुंठ्याचा होतो, आणि तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फुटांचे हे माप, जे विंगेटच्या मोजणीत एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणून केवळ हिशेबापुरते होते, ते मालमत्तेचे मुख्य परिमाण बनते. गुंठेवारी हा शब्द तर २००१ मध्ये राज्याच्या कायद्याच्या शीर्षकात जाऊन बसला. खरेदीखतात मात्र मिळकतीचे वर्णन गट नंबराने होऊन गेल्यानंतर चतुःसीमा लिहाव्या लागतात, आणि तिथे दस्तलेखक आजही पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस अमुक यांचा बांध आणि उत्तरेस पाट असेच लिहितो, मग त्या पाटावर आता सिमेंटचा रस्ता झालेला का असेना.